वहिनींच्या नावाचं खातं

४ मार्च, सोमवार

दातांचं सामान पुरवणाऱ्या दुकानदाराने नव्या वर्षाला ही डायरी दिली होती. आजवर ती प्लास्टरच्या पोत्यावर पडून होती. आज झटकून उघडली, कारण आज मी एक शहाणपणाचं काम केलं आहे आणि वरच्या खोलीत ते ऐकायला माझ्याशिवाय कोणी नाही.

सरकारने लहान धंद्यांसाठी एक योजना काढली आहे. अर्ज केला की तपासनीस येऊन कॉम्प्युटर बघतात, माणसांना शिकवतात, माहितीची जादा प्रत ठेवायचं यंत्र बसवून देतात आणि सगळं धड झालं की प्रमाणपत्र देतात. तेही फुकट. पलीकडच्या गल्लीतल्या छापखानेवाल्याचा कॉम्प्युटर चोरांनी कुठे तरी लांब बसून कुलूपबंद केला, तेव्हापासून या भागातल्या सगळ्यांनी धसका घेतला आहे. तो बिचारा अजून गिऱ्हाइकांना फोन करून विचारतोय, तुमच्या पावतीपुस्तकावर काय छापायचं होतं. त्यात आता इस्पितळाने कळवलं आहे की पेशंटच्या तोंडाचे स्कॅन यापुढे प्रमाणपत्र असलेल्या लॅबलाच मिळतील. आमचं निम्म्याहून अधिक काम इस्पितळाचं. ते गेलं तर दादाने उभी केलेली ही दातांची लॅब गुंडाळावीच लागेल.

अर्जात ‘जबाबदार व्यक्ती’ असा एक रकाना होता. त्यात मी माझं नाव घातलं. वहिनींनी चष्म्यावरून बघत विचारलं, जबाबदार व्यक्तीने करायचं काय असतं? मी म्हटलं, जबाबदारी घ्यायची असते. त्या हसल्या आणि पुन्हा बिलं लावत बसल्या.

आम्ही इनमीन तीन माणसं. मी कवळ्या, कॅप आणि ब्रिज बनवतो. पॉलिश त्यांना चकाकी आणतो. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोशिवाय कोणी घेत नाही. आणि वहिनी ऑफिस बघतात. दादा होता तेव्हा दोन दिवस मदतीला म्हणून आल्या, त्या राहिल्याच. कॉम्प्युटर आला तेव्हा दादाने खातं वहिनींच्या नावाने उघडलं. म्हणाला, आपल्या घरात बटण दाबण्याआधी वाचणारी ही एकटीच आहे. त्या दिवसापासून आम्ही सगळेच वहिनींच्या नावाने कारभार करतो. मी मेल पाठवली तरी खाली नाव वहिनींचं. पासवर्ड म्हणजे दादाचं घरातलं लाडकं नाव. ते टेबलाच्या खणाला आतून चिकटवलेलं आहे, पण तसं बघायची गरज कोणाला पडत नाही. एका डॉक्टरने फोनवर माझा आवाज ऐकून विचारलं होतं, मॅडमना सर्दी झालीय का?

८ मार्च, शुक्रवार

तपासनीस बाई आल्या. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, पण नजर अशी की कॉम्प्युटरनेही अंग चोरून बसावं. त्यांचा पहिलाच प्रश्न: या खात्यावर कोण काम करतं? मी अभिमानाने सांगितलं, सगळेच. त्या बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या.

प्रत्येकाचं वेगळं खातं हवं, असं त्यांचं म्हणणं. मी हो हो म्हटलं आणि गर्दी ओसरली की करू असं सांगितलं. मग त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवून शिकवलं. चोर आता ओळखीच्याच नावाने येतो, घाई करायला लावतो, पासवर्ड मागतो. शंका आली की ज्याच्या नावाने मेल आली त्याला फोन करा. आणि एक वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं: कोणी ‘हो’ म्हटलं म्हणून तिथे थांबू नका, स्वतः जाऊन बघा.

येत्या दोन आठवड्यांत त्यांच्या कार्यालयातून काही खोट्या मेल येतील. ती परीक्षा. कोणी फसलं तर शिक्षा नाही, पुन्हा शिकवतील. पण निकाल खात्यावर येईल, त्या म्हणाल्या, खातं एकच असल्यामुळे माणूस कोण ते तुमचं तुम्हालाच शोधावं लागेल. मी म्हटलं, मॅडम, इथे सगळं घरचं आहे, आमच्यात लपवाछपवी नाही.

त्या गेल्यावर मी पॉलिशला आणि वहिनींना एक छोटं भाषण दिलं. पॉलिशने शेवटी टाळी वाजवली. ती चेष्टेने होती की काय ते कळलं नाही.

१३ मार्च, बुधवार

मी फसलो.

माझा गुडघा धरला होता म्हणून इस्पितळाचा ब्रिज पोचवायला वहिनींना पाठवलं. दुपारी मापं बघायला म्हणून त्यांच्या खुर्चीत बसलो, तर इस्पितळाची मेल. नवीन स्कॅन, तातडीचं, काम आजच सुरू करा, उघडण्यासाठी पासवर्ड टाका. मी टाकला. दादाचं लाडकं नाव, एका बोटाने, अक्षरं शोधत. समोर लाल पाटी आली: ही सुरक्षेची चाचणी होती.

मेल पुसून टाकली, जणू तसं केल्याने काही होणार आहे. मागे बघतो तर दारात पॉलिश, हातात ओली कवळी घेऊन. काय झालं साहेब, असं त्याने विचारलं. मी म्हटलं काही नाही, कवळीचं टाळू अजून घास.

सरकारनेच लोकांना फसवायचं म्हणजे कमाल आहे. इस्पितळाचं नाव, इस्पितळाची भाषा, अगदी हुबेहूब. असं केल्यावर कोण फसणार नाही? वहिनी फसल्या नसत्या. त्यांनी आधी फोन केला असता.

संध्याकाळी जेवताना सांगायचं ठरवलं होतं. पण वहिनी इस्पितळातून खुशीत आल्या होत्या. तिथल्या डॉक्टरने ब्रिजचं कौतुक केलं, ते मला सांगताना त्यांनी माझ्या ताटात दोनदा वाढलं. अशा वेळी कुठे काढायचं? उद्या सांगतो.

२२ मार्च, शुक्रवार

उद्या उद्या करता निकालच आला.

ऑफिसच्या खोलीत आज बसायला जागा नव्हती. तपासनीस बाई, इस्पितळाचे व्यवस्थापक, पॉलिश दाराला टेकून, आणि पुतणीही आली होती, वहिनींना चष्म्याच्या दुकानात न्यायला. बाईंनी आधी चांगलं सांगितलं. मग म्हणाल्या, चार मेल पाठवल्या होत्या, त्यातल्या एकीत पासवर्ड टाकला गेला. खाली खात्याचं नाव होतं. वहिनींनी ते मोठ्याने वाचलं. त्यांचंच नाव.

वहिनी म्हणाल्या, मला अशी मेल आठवतच नाही. मग त्यांनी पॉलिशकडे बघितलं. त्याने मान हलवली, नाही. मग माझ्याकडे.

“भाऊजी, तुम्ही तर नाही ना उघडलीत?”

अगदी साधेपणाने विचारलं. तेवढ्यात व्यवस्थापकांनी माझ्याकडे बघितलं, आणि बाईंच्या हातातल्या अर्जावर जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव होतं. मी म्हणालो, “मी कशाला उघडीन?”

झालं. तीन शब्द. नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी प्रश्न विचारून उत्तर दिलं, वर थोडा चिडल्यासारखा आवाजही काढला.

व्यवस्थापक भला माणूस. म्हणाले, होतं असं, पुन्हा एकदा प्रशिक्षण घ्या, प्रमाणपत्र मिळालं की काम सुरूच आहे. म्हणजे लॅबला धोका नाही. बाई जाताना म्हणाल्या, काही अधिक माहिती हवी असेल तर विचारा, आमच्याकडे नोंद असते. कोणी काही विचारलं नाही. निभावलं, असं मला त्या वेळी वाटलं. लिहून ठेवतो, कारण खरंच तसं वाटलं होतं.

पुतणी चष्म्याच्या दुकानात जाताना आईचा हात धरून पायरी उतरली. एरवी ती कधी हात धरत नाही.

२५ मार्च, सोमवार

वहिनी आता प्रत्येक मेल मोठ्याने वाचतात. दोनदा वाचतात. मग इस्पितळाला फोन करतात, तुम्हीच पाठवली ना? तिथली मुलगी आज कंटाळून म्हणाली, हो मावशी, मीच.

संध्याकाळी लॅबला कुलूप लावून त्या मागे घराकडे वळल्या आणि थांबल्या. भाऊजी, मी कुलूप लावलं ना? मी जिन्यावरून म्हटलं, लावलंत, वहिनी. त्या गेल्या. माझ्या एका शब्दावर त्या निश्चिंत होऊन गेल्या, हे मला चांगलं वाटायला हवं होतं.

१ एप्रिल, सोमवार

आज वहिनींनी दोन डब्यांवरची नावं अदलाबदल केली. एका शिक्षकाच्या कॅप दुसऱ्याच्या डब्यात. मी वेळेवर पकडलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

लिहायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. म्हणजे त्यांचं खरंच काहीतरी विसरायला होतंय. म्हणजे त्या दिवशी मी बोललो नाही म्हणून सगळं बिघडलं असं नाही, हे आधीपासूनच होणार असेल. वयही झालंच की. तासभर मी या विचाराला कुरवाळत बसलो होतो. मेण गरम करता करता शीळही वाजवली.

दुपारी पॉलिश माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. उगाचच रुमालाने हात पुसत म्हणाला, “साहेब, वहिनींना सांगायचं का?” त्याच्या घासायच्या मोटरचा आवाज बरेच दिवस बिघडलेला आहे, आणि नवी मोटर मागायची म्हणजे वहिनींकडेच. मी म्हटलं, सध्या नको, त्यांचं डोकं ठिकाणावर नाही, मी बघतो काय ते. त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि गेला. मोटरसाठी एवढं तोंड पाडायचं?

५ एप्रिल, शुक्रवार

पुतणी वर माझ्या खोलीत आली. ती वर फार कमी येते, जिना चढताना प्लास्टरची धूळ लागते म्हणते. बसली, उठली, पुन्हा बसली.

“काका, आजीचं असंच सुरू झालं होतं.”

तिची आजी म्हणजे वहिनींच्या आई. मी ते सगळं पाहिलं आहे. आधी डबे चुकायचे, मग गॅस, मग रस्ता. शेवटी शेवटी त्या वहिनींना बाई म्हणायच्या, जणू घरात कामाला आलेली कोणी परकी बाई. वहिनी लॅबमधून दुपारी घरी जायच्या, आईला भरवायच्या आणि परत येऊन बिलं लावायच्या. दादा म्हणायचा, हिला कधी रडताना पाहिलं नाही, कारण हिला तेवढा वेळच नसतो.

पुतणी म्हणाली, आई रोज एकच सांगते, मी ती मेल उघडल्याचं मला अजिबात आठवत नाही. केलेलं आठवत नाही, यालाच ती घाबरली आहे, काका. चूक झाली याला नाही. मग म्हणाली, डॉक्टरांकडे नेते, आणि तुझी हरकत नसेल तर तिला आता घरी बसवू या.

माझी दातखीळ बसली. माझ्यासारख्या माणसाला हा शब्द वापरायची वेळ यावी. मी एवढंच म्हणालो, डॉक्टर काय म्हणतात ते बघू. ती जाताना माझ्या पाया पडल्यासारखं वाकून माझी चप्पल सरळ करून गेली. तू आहेस म्हणून बरं आहे काका, म्हणाली.

१० एप्रिल, बुधवार

वहिनी मला ऑफिस शिकवत आहेत.

जेवण झाल्यावर त्या मला आपल्या शेजारी स्टुलावर बसवतात. कोणत्या डॉक्टरला दातांचा रंग फोनवर विचारायचा आणि कोणता डॉक्टर तसं केलं की चिडतो. कोणाचं माप नेहमी सैल येतं. कोणत्या पेशंटची कवळी तिच्या नवऱ्यादेखत द्यायची नाही, कारण तिला दात नाहीत हे नवऱ्याला माहीत नाही. हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे, कुठेही लिहिलेलं नाही. मी मध्येच म्हटलं, वहिनी, एवढं सगळं तुमच्या लक्षात कसं राहतं?

“आहे तोवर सांगते, भाऊजी. उद्या तुम्हालाच कोण तुम्ही म्हणून विचारलं तर?”

त्या हसून म्हणाल्या. मी पण हसलो. मग शौचालयात जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

सांगितलं तर काय होईल याचा आज नीट विचार केला. पुतणी काय म्हणेल. व्यवस्थापक काय म्हणतील. जबाबदार व्यक्तीच खोटं बोलली म्हटल्यावर प्रमाणपत्र देतील का? नाही दिलं तर लॅब जाईल आणि मग वहिनींचंच नुकसान. असं मी स्वतःला पटवत होतो. खरं एवढंच आहे की वहिनींनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं असतं, ती नजर मला नको आहे.

१४ एप्रिल, रविवार

आज सांगणार होतो. वहिनींनी दार उघडलं, हातात गॅसच्या शेगडीची बटणं. काढून ठेवली आहेत. रविवारी एकटीच असते, म्हणाल्या, उगाच चालू राहायला नको. मी सोबत नेलेली फळं ठेवून परत आलो.

१८ एप्रिल, गुरुवार

पुतणीने डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. वहिनींना तीनच आठवले. डॉक्टर म्हणाले, काळजीचं असं सध्या काही दिसत नाही, भीतीनेही होतं असं, पुढे पुन्हा बघू. पुतणीने ऐकलं ‘काही दिसत नाही’. वहिनींनी ऐकलं ‘सध्या’.

संध्याकाळी त्या लॅबमध्ये आल्या आणि दादाच्या जुन्या ट्रेमधली हत्यारं कापडाने पुसत बसल्या. पॉलिश गेला होता. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. ती मेल मी उघडली होती. तुम्ही इस्पितळात गेला होतात. पासवर्ड मी टाकला. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. मला वाटलं होतं की बोलताना आवाज फुटेल. तसं काही झालं नाही, सपाट आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं बाहेर पडलं.

वहिनींनी हत्यार खाली ठेवलं. माझ्या हातावर हात ठेवला.

“भाऊजी, मला बरं वाटावं म्हणून किती खोटं बोलाल?”

मी म्हटलं, खरं सांगतोय. दाताच्या कण्या केल्या. शपथ घेतली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या चांगुलपणाने. म्हणाल्या, तुमचे दादाही असेच. आईने मला ओळखलं नाही तेव्हा मला म्हणायचे, अगं आत्ताच तुझं नाव घेत होती. मग उठल्या, दिवा घालवला. भाऊजी, मी दिवा घालवला ना? हो वहिनी. अंधारात उभं राहून विचारत होत्या.

खोटं त्यांनी एका क्षणात मानलं, आणि खरं मानायला तयार नाहीत. आणि मी एवढा नालायक की क्षणभर वाटलं, सांगितलं ना आपण, आता त्या मानत नाहीत त्याला आपण काय करणार.

१९ एप्रिल, शुक्रवार

तपासनीस बाईंना फोन केला. विचारलं, ती मेल कधी उघडली गेली ते तुम्हाला कळतं का? त्या म्हणाल्या, वार, वेळ, सगळं नोंदलेलं असतं, पण तुम्ही कोणी विचारलंच नाही.

मंगळवारी त्या दुसऱ्या प्रशिक्षणाला येणार आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, ते सगळ्यांसमोर वाचा. त्या म्हणाल्या, त्यासाठी मला तिथे येऊन वाचायची गरज नाही, तुम्ही आत्ता वहिनींना सांगू शकता. मी म्हटलं, माझ्या सांगण्यावर त्यांचा भलत्या बाजूने विश्वास आहे. प्रमाणपत्राचं मी विचारलं नाही. जिभेवर आलं होतं.

२३ एप्रिल, मंगळवार

पुतणीला मुद्दाम बोलावलं. बाईंनी कॉम्प्युटर सुरू करून वाचलं: तेरा मार्च, बुधवार, दुपार.

मी म्हटलं, वहिनी, त्या दुपारी तुम्ही कुठे होतात?

वहिनींनी चष्मा सारखा केला. मग हळूहळू म्हणाल्या, बुधवारी मी ब्रिज घेऊन गेले होते. इस्पितळाची लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर चढून गेले. निळा स्वेटर घातलेली पेशंट होती, वरच्या बाजूचे चार दात, रंग जरा पिवळसरच हवा होता तिला, खऱ्यासारखा. डॉक्टरांनी ब्रिज बसवला आणि मला आरसा धरायला सांगितलं. ती बाई हसली आणि पटकन तोंडावर हात धरला, सवयीने, मग हात काढला. मी तिथून निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं. परत आले तर भाऊजी माझ्या खुर्चीत होते आणि मला बघून उठले.

सगळं. एकही गोष्ट न अडखळता. सांगता सांगताच त्यांच्या लक्षात येत गेलं, मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. “म्हणजे मला सगळं आठवतंय,” त्या पुतणीकडे बघून म्हणाल्या. पुतणी आईला बिलगून रडायला लागली. एवढी मोठी बाई, तोंडात पदर कोंबून हुंदके देत होती.

पॉलिश दारातून म्हणाला, वहिनी, मी पाहिलं होतं साहेबांना. साहेबच सांगतील म्हणून थांबलो. एकदा विचारलंही मी त्यांना. म्हणजे त्या दिवशी तो मोटरचं विचारतच नव्हता.

मग वहिनींनी माझ्याकडे बघितलं. ज्या नजरेला मी महिनाभर घाबरत होतो तशी ती मुळीच नव्हती. नवीन डॉक्टरचं पहिलं माप आलं की त्या जसं निरखून बघतात, तसं बघत होत्या.

“मी विचारलं होतं तुम्हाला, भाऊजी.”

एवढंच. आवाज चढला नाही. मी हो म्हटलं. माफ करा म्हणायचं होतं, तेही म्हटलं, पण तोवर त्या बाईंना विचारत होत्या, वेगळी खाती आजच उघडायची का?

६ मे, सोमवार

प्रमाणपत्र आलं. बाईंनी नियमाप्रमाणेच केलं: दुसऱ्या परीक्षेत तिन्ही खाती पास. पॉलिशने ते कॅप भाजायच्या भट्टीच्या वर टांगलं आहे. त्यावर जबाबदार व्यक्ती म्हणून अजून माझंच नाव छापलेलं आहे, ठळक अक्षरांत. मी वहिनींना म्हटलं होतं की बदलून घेऊ, तुमचं घालू. त्या म्हणाल्या, राहू दे, तुमचंच असलेलं बरं.

घरी बसायचं काही कोणी आता काढत नाही. वहिनी पूर्वीसारख्या झपाझप कामं उरकतात. शेगडीची बटणं परत लागली आहेत. जेवायलाही मी रोज जातो. वाढतात, विचारतात, अजून हवं का. पण दोनदा वाढत नाहीत, आणि मला ते जाणवतं हे कदाचित त्यांना माहीतही नसेल. की असेल.

पासवर्ड आता प्रत्येकाचा ज्याचा त्याला. खणातली चिठ्ठी वहिनींनी खरवडून काढली. दादाचं नाव होतं त्यावर, म्हणून मी जपून ठेवायला मागितली. त्यांनी दिली नाही, स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

पॉलिशला नवी मोटर आणून दिली. त्याने न मागता.

आज सहा वाजता लॅब बंद केली. मी जिन्यापाशी होतो. वहिनी घराकडे निघाल्या, थांबल्या आणि वळून नेहमीसारखं म्हणाल्या, “भाऊजी, कुलूप लावलं का?”

मी म्हटलं, लावलं, वहिनी.

त्यांनी मान डोलावली. मग परत आल्या, माझ्या शेजारून दारापर्यंत गेल्या, आणि कुलूप स्वतः ओढून बघितलं.